मुलीच्या ओठातील म्युकोसीलबाबत (लाळ साचून झालेल्या गाठीबाबत) मदत हवी आहे

माझ्या ११ वर्षांच्या मुलीच्या खालच्या ओठाच्या आत ३ महिन्यांपासून वाटाण्याएवढी, मऊ, निळसर गाठ असून ती फुटून चिकट पाणी येते आणि काही दिवसांत पुन्हा भरते. ओठ वारंवार चावल्याने लाळेच्या लहान ग्रंथीची नलिका फुटून लाळ आत साचते, हा कर्करोग नव्हे, असे दंतवैद्यांनी सांगितले तेव्हा जीव भांड्यात पडला. नुसते पाणी काढल्यास गाठ परत येते, म्हणून ती ग्रंथीसह काढावी, असा त्यांचा सल्ला आहे. (घरी सुईने फोडण्याचा नातेवाइकांचा आग्रह मी मानलेला नाही.) ज्यांच्या मुलांवर ओठ बधिर करून ही शस्त्रक्रिया झाली, त्यांनी ती लेसरने केली की टाके घातले, आणि गाठ पुन्हा आली का, हे कृपया सांगावे. ओठ चावण्याची सवय आपण कशी सोडवलीत?