सीएसआरवर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवर) पीएचडी: पुण्यात विषय भरपूर आहेत

"सीएसआर म्हणजे फोटोपुरती झाडं लावणं, त्यावर पीएचडी ती काय करायची?" असं एकाने विचारलंय. मला हे पटत नाही. मी पुण्यात याच विषयात संशोधन करते, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ५०० कोटींची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के कंपनीला सीएसआरवर खर्च करावे लागतात. पण हे झालं नफा कुठे खर्च केला त्याबद्दल. तो कमावला कसा, हा स्ट्रॅटेजीचा खरा प्रश्न, आणि शाश्वततेचा अभ्यास तिथेच सुरू होतो. पाणी किती उपसलं, कंत्राटी कामगारांना काय मिळालं, अपघात किती झाले. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल, सक्तीचा केलाय. ते सगळे अहवाल फुकट वाचता येतात!

मात्र नुसत्या अहवालांवर आणि गुगल फॉर्मवर प्रबंध उभा करू नका, ही कळकळीची विनंती. चाकण, भोसरीच्या कारखान्यांच्या भागात जाऊन माणसांशी बोला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ पासून पुण्यात काम करतेय. कंपन्यांचं प्लास्टिक शेवटी कोण वेचतं, हे तिथल्या कचरावेचक बायकांइतकं कुणालाच माहीत नाही.

यूजीसीची नेट परीक्षा आधी देऊन टाका, फेलोशिपचा आधार लागतो. गाइड मात्र घाईने ठरवू नका.