अनुभव: स्टॅटलर ब्रदर्स आणि त्यांचे चार आवाज

नमस्कार मंडळी,
कंट्री संगीत ऐकणारे आपल्यात बरेच आहेत, पण बोलणं होतं ते एकेकट्या गायकांबद्दल. हा धागा चौघांनी मिळून गाण्याबद्दल, म्हणजे स्टॅटलर ब्रदर्स या अमेरिकन कंट्री गटाबद्दल आहे. हॅरल्ड रीड (बेस, सगळ्यात खालचा आवाज), त्यांचा धाकटा भाऊ डॉन (मुख्य आवाज), फिल बाल्सली (बॅरिटोन, मधला आवाज) आणि लू डेविट (टेनर, वरचा आवाज), सगळे व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनचे. 1964 पासून आठ वर्षं प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशच्या ताफ्यात गायले. कॅशच्या 1968 च्या, कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगातल्या कार्यक्रमातही होते. मग स्वतःच्या बळावर थेट 2002 पर्यंत. एवढं नाव झालं तरी गाव सोडलं नाही, उलट आपलीच जुनी शाळा विकत घेऊन तिथे ऑफिस थाटलं. मी स्टॉन्टनच्याच शेनान्डोआ खोऱ्यात राहते, म्हणून हे चौघे मला शेजारचे वाटतात. त्यांचं कोणतं गाणं तुमच्यापर्यंत कसं आलं, जरूर लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा.

वसईहून:
चर्चच्या क्वायरमध्ये मी बेस गातो. चाल वरच्या आवाजांकडे असते, आम्ही खाली पाया धरून उभे. हॅरल्डना ऐकल्यावर त्या पायाचा अभिमान वाटायला लागला. ‘फ्लॉवर्स ऑन द वॉल’ हे 1965 चं, लू डेविटचं गाणं. एकटा पडलेला माणूस ‘माझं मस्त चाललंय’ असं सांगत भिंतीवरची फुलं मोजतो आणि पहाटेपर्यंत एकट्याने पत्ते खेळतो. कॅटमध्ये पानं एक्कावन्नच! डाव कधी लागणारच नाही, आणि चाल मात्र उड्या मारत जाते. नव्या मुलांना मी हेच गाणं देतो: चार वेळा ऐका, दर वेळी एकच आवाज धरून. आपला आवाज दुसऱ्याच्या पोटात कसा बसवायचा, हे त्यातून जेवढं समजतं तेवढं माझ्या सांगण्यातून समजत नाही.

पुण्याहून:
थोडा वेगळा सूर लावतो. जुन्या दिवसांच्या आठवणींची त्यांची गाणी मला यादीसारखी वाटतात. गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, मात्र अप्रतिम. मूळ घडण तिथलीच आहे, हे लगेच कळतं.

साताऱ्याहून:
मी निवृत्त शिक्षिका. मुलगा रिचमंडला असतो, त्याने ‘द क्लास ऑफ 57’ ऐकवलं. रीड बंधूंचं 1972 चं गाणं. 1957 साली शाळा संपवलेल्या वर्गाचं पुढे काय झालं, एवढाच विषय. कुणी जुन्या गाड्या विकतो, कुणी केस कापते, कुणी कर्जात बुडालाय. वरचे दादा यादी म्हणतात, पण ही यादी हजेरीची आहे. जो नावाचा एकजण फ्रेडीची बायको घेऊन जातो, शार्लटला लक्षाधीश मिळतो, फ्रेडी जीव देतो. तिन्ही गोष्टी एका दमात, त्याच चालीत, आवाज न चढवता. माझ्या एका बॅचचा मेळावा झाला तेव्हा सगळे एकमेकांच्या नोकऱ्या, मुलं, जावई विचारत होते. एका मुलाचं नाव कुणीच काढलं नाही. मला त्याचा हजेरी क्रमांकसुद्धा आठवत होता. गाणं ऐकताना तो आठवला आणि मी मुलाला म्हटलं, परत लाव.

ह्यूस्टनहून:
मला क्रोन्स आहे. आतड्याच्या याच आजाराने लू डेविटना 1982 मध्ये गट सोडावा लागला. दौरे, बसमधले तास, वेळी-अवेळी जेवण, हे या आजारात कसं झेपणार? ज्याने गटाचं पहिलं मोठं गाणं लिहिलं, त्यालाच थांबावं लागलं. त्यांच्या जागी जिमी फॉर्च्यून आले, आणि त्यांचं नाव लूनीच सुचवलं होतं. आपली जागा आपल्या हाताने दुसऱ्याला देणं किती कठीण असतं, ते मी नोकरी सोडताना पाहिलंय. जिमींनी लिहिलेलं ‘एलिझाबेथ’ 1984 मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. लू 1990 मध्ये गेले. जिमींचा आवाज नितळ आहे, मनापासून आवडतो. पण लूच्या टेनरला एक धार होती, ती बाकी तिघांच्या वर वेगळी ऐकू येते. दवाखान्यात सलाइन चालू असताना मी त्यांचीच जुनी रेकॉर्डिंग लावते.

साताऱ्याच्या बाई, त्या मुलाबद्दल लिहावंसं वाटलं तर लिहा. आम्ही वाचू.