चूक ऑपरेटरची की कारखान्याची?

रबाळे नाइटशिफ्ट:
टीटीसीतल्या (नवी मुंबईचा औद्योगिक पट्टा) एका केमिकल कंपनीने ओळखीतल्या ऑपरेटरला घरी बसवलं. पहाटे चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, सॉल्व्हंट भलत्याच टाकीत गेलं, नशिबाने कोणाला काही झालं नाही. रिपोर्टमध्ये कारण एकच, 'मानवी चूक'. आता बघा, दोन व्हॉल्व्ह अगदी शेजारी शेजारी, एकाच रंगाचे, एकावरचा टॅग पुसलेला, आणि पुढचा माणूस आलाच नाही म्हणून हा सलग दुसरी शिफ्ट ओढत होता. त्याला काढून काय मिळवलं?

ऐरोलीकर काका:
हे रडगाणं बंद करा. व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी पाइपलाइन कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी बघत जायचं हे पहिल्याच दिवशी शिकवतात. प्रत्येक गोष्टीत सिस्टिमला शिव्या घातल्या की पोरं बेफिकीर होतात. १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात टेस्टच्या नादात सेफ्टी सिस्टिम बंद केल्या त्या कोणी, यंत्राने?

घणसोलीची सेफ्टीवाली:
काका, चेर्नोबिल तर तुमच्यावरच उलटतं 😅 १९८६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने मुख्य ठपका ऑपरेटरवर ठेवला होता, १९९२ च्या सुधारित अहवालात मात्र रिअ‍ॅक्टरच्या डिझाइनकडे बोट दाखवलं. अणुक्रिया आवरणाऱ्या कंट्रोल रॉडच्या टोकाला ती वाढवणारं ग्रॅफाइट, त्यामुळे बंद करायचं बटण दाबलं की विशिष्ट परिस्थितीत सुरुवातीला उलट पॉवरच वाढायची, आणि हे तिथल्या माणसांना नीट सांगितलंच नव्हतं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ मध्ये पॅनलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद झालाय असं वाटायला लावत होता, खरं तर तो फक्त 'बंद हो' असा सिग्नल गेल्याचं दाखवायचा, व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला. दिव्यावर विश्वास ठेवला ही चूक म्हणायची का?

ऐरोलीकर काका:
पुस्तकं मीपण वाचलीत ताई. पण टाकी किती भरली ते ओळखणाऱ्या लेव्हल स्विचला तार बांधून अलार्म बायपास करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. तिथे डिझाइन काय करणार, तो शुद्ध हलगर्जीपणा.

घणसोलीची सेफ्टीवाली:
ती वेगळी गोष्ट, चुकून होणं आणि जाणूनबुजून करणं एका तागडीत टाकू नका. पण ती तार राउंडला येणाऱ्या सुपरवायझरला दिसत नाही होय? खोटा अलार्म रोज बोंबलतो, दुरुस्ती होत नाही, बॅच थांबवली तर वरून फोन येतो, मग तार बांधतात आणि सगळे गप्प. भोपाळला एमआयसी या विषारी रसायनाच्या टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं आणि सुटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर कामात नव्हता, ते काय रात्रपाळीच्या कामगाराने ठरवलं होतं?

तुर्भे कॉन्ट्रॅक्टर:
मधेच बोलतो. आमची पोरं बिहार, ओडिशाची, कामाचं परमिट (लेखी परवानगी) इंग्रजीत, सही मात्र रोज घेतात. १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली, सुरुवात कुठून, तर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलाय हे ज्या परमिटवर होतं ते रात्रीच्या शिफ्टला कळलंच नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. इकडे हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला माहिती देणं) म्हणजे बस सुटायच्या आधी गेटवर दोन वाक्यं.

ऐरोलीकर काका:
हँडओव्हरचं पटलं, शंभर टक्के. पण तारवाल्याला मेमो द्यायचाच, आणि ती तार बघून पुढे गेलेल्या सुपरवायझरला त्याच्या आधी.