मदत हवी आहे: उसाच्या रसावरील विकर-इंधनघट काही तासांतच मंदावतो

नमस्कार. पदवीच्या प्रकल्पासाठी मी उसाच्या रसातील साखरेपासून वीज मिळवणारा छोटा इंधनघट बनवत असून, त्यात धातूच्या उत्प्रेरकाऐवजी विकर, म्हणजेच एन्झाइम, वापरले आहेत. ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढणारे विकर) रसातील मुख्य साखरेला, म्हणजे सुक्रोजला, हात लावत नसल्याने रसात आधी सुक्रोज फोडून ग्लुकोज मोकळे करणारे इन्व्हर्टेज मिसळतो; ग्लुकोज ऑक्सिडेज कार्बन कापडाच्या अ‍ॅनोडवर (ऋण टोकावर) आहे आणि कॅथोडवर (धन टोकावर) ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारे लॅकेज आहे.

सुरुवातीला व्होल्टता बरी मिळते, परंतु काही तासांत ती उतरते आणि ताजा रस घातला तरी परत चढत नाही. त्यामुळे साखर संपली असे वाटत नाही. विकर कापडावरून धुऊन जात असावे, किंवा विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत असावा आणि त्यानेच विकर निकामी होत असावे.

२०१४ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी तेरा विकरांच्या साखळीने ग्लुकोजच्या प्रत्येक एककातून चोवीस इलेक्ट्रॉन काढले होते. माझे एकटे विकर दोनच देते, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

कायटोसान (एक नैसर्गिक बहुवारिक) व ग्लुटारल्डिहाइड (रेणू एकमेकांना जोडणारे रसायन) यांनी विकर कापडावर पक्के बांधण्याचा कोणाला अनुभव आहे का? ऑक्सिजनला न जुमानणारे, एफएडी या सहघटकावर आधारित ग्लुकोज डिहायड्रोजिनेज हे विकर ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी वापरणे महाविद्यालयीन खर्चात परवडेल का?