'साथ', 'लागण' की 'उद्रेक'? कारखान्यातल्या आजारांचे शब्द

प्रश्न : जून २०२० मध्ये जर्मनीतल्या ऱ्हेडा-वीडेनब्र्यूकच्या मांसप्रक्रिया कारखान्यात दीड हजारांच्या आसपास कामगारांना कोरोना झाला. याला 'साथ' म्हणायचं का?

– 'उद्रेक' म्हणा. साथ मुलुखभर पसरते. 'साथ आली' म्हटलं की दोष कुणाचाच राहत नाही. उद्रेक म्हणजे ठरावीक जागी, थोड्या दिवसांत, नेहमीपेक्षा जास्त रुग्ण. जागा ठरली की कारणं शोधता येतात : थंड कापणी-हॉल, तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणारी शीतयंत्रणा, दमछाक करणारं काम. तिथल्याच मे महिन्यातल्या लागणीच्या अभ्यासात विषाणू आठ मीटरपलीकडे पोचल्याचं दिसलं. अशा हॉलमध्ये 'दोन मीटर अंतर ठेवा' ही पाटी शोभेचीच.

– सहमत, पण सिलिकोसिसला (दगडी धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला) 'लागण' किंवा 'उद्रेक' लावू नका. धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षं साचते, एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तो 'व्यवसायजन्य आजार'. पांढऱ्या फॉस्फरसनं काडेपेटी कामगारांचा जबडा सडायचा, तोही त्यातलाच. लंडनच्या काडेपेटी कामगार मुलींचा संप १८८८ चा, बंदीचा बर्न करार १९०६ चा. जर्मनीत मात्र कोरोनाच्या उद्रेकानंतर मांसउद्योगातल्या कामगारांसाठीचा कायदा सहाच महिन्यांत, डिसेंबर २०२० मध्ये, मंजूर. सडका जबडा कामगाराच्या घरातच राहतो. विषाणू फाटकाबाहेर पडला आणि अख्ख्या ग्यूटर्सलो जिल्ह्यावर पुन्हा निर्बंध आले. मग मंत्र्यांना जाग येते!

प्रश्न : त्या कायद्यानं 'कंत्राटी कामगार' बंद केले, असं लिहिलं तर?

– ढोबळ होईल. प्रकार दोन होते. एक, 'ठोक कामाचं उपकंत्राट' : इतकं मांस कापून द्यायचं, माणसं उपकंत्राटदाराची. कारखाना त्यांचा मालकच नाही, म्हणून पाळी, राहण्याची दाटीवाटी, मिनीबस यांची जबाबदारी झटकता यायची. दोन, एजन्सीकडून 'उसने घेतलेले कामगार'. पहिल्यावर १ जानेवारी २०२१ पासून बंदी, दुसऱ्यावर १ एप्रिलपासून, तीही मार्च २०२४ पर्यंतचे मर्यादित अपवाद ठेवून. एकोणपन्नासपर्यंत माणसांचे छोटे खाटीक-व्यवसाय वगळले.

– शिवाय 'कामगार सुरक्षा' लिहिलंत तर वाचकाला हेल्मेट आणि हातमोजे दिसतील. या कायद्यात कामाच्या तासांची डिजिटल नोंद आहे, वसतिगृहांचे किमान निकष आहेत, वेळेचे नियम मोडल्यास ३०,००० युरोपर्यंत दंड आहे. इथे 'कामगार संरक्षण'च हवं.