लायसन्स व्हॅलिड आहे म्हणे, फक्त सॉफ्टवेअर चालणार नाही

सुईदोरा

जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. दोन दिवस डोकं नुसतं भणभणतंय.

मी मशीन एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करते. म्हणजे चित्र घ्यायचं आणि कंप्युटरवर त्याचे टाके बसवायचे, कुठे सॅटिन, कुठे भरीव, टाका कुठल्या दिशेने जाणार, किती दाट, कापड किती ओढलं जाणार, सगळं आधी ठरवायचं आणि मग ती फाइल मशीनला द्यायची. अकरा वर्षांपूर्वी यासाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं, रीतसर, पावतीसकट. खोका अजून आहे, आत सीडी, पाकिटावर सिरीयल नंबरचं स्टिकर आणि खोक्यावर ठळक अक्षरात लाइफटाइम लायसन्स. दोन मशीनवर टाकायची परवानगी होती, एक डेस्कटॉपवर टाकलं, एक लॅपटॉपवर.

आता डेस्कटॉपवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट संपला आणि नवीन व्हर्जन त्या मशीनवर चढेना, म्हणून नवीन डेस्कटॉप घेतला. जुना भाच्याला दिला, त्याने त्याच संध्याकाळी मोठ्या उत्साहात फॉरमॅट मारला. नवीनवर सीडी घातली (त्यासाठी सीडी ड्राइव्ह बाहेरून जोडावा लागला ते वेगळंच), इन्स्टॉल नीट झालं, सिरीयल टाकला, स्टिकर पुसट झाल्यामुळे तो बी आहे की आठ हे तीनदा चुकलं, शेवटी एकदाचा नंबर घेतला आणि मग ती निळी पट्टी अर्ध्यावर येऊन बसली ती बसलीच. वीस मिनिटांनी मेसेज आला, ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही, तुमचं इंटरनेट तपासा. इंटरनेट ठणठणीत होतं हो.

मेल केला तेव्हा कळलं की मूळ कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीने घेतली (नावं लिहीत नाही, उगाच वाद नको). चार दिवसांनी उत्तर आलं, त्यातलं एक वाक्य आता माझं तोंडपाठ झालंय, "तुमचं लायसन्स व्हॅलिड आहे, मात्र या व्हर्जनची ॲक्टिव्हेशन सेवा आता उपलब्ध नाही." आणि खाली सबस्क्रिप्शनची लिंक. म्हणजे घर तुमच्याच नावावर आहे, फक्त किल्ली आम्ही टाकून दिली, असंच ना हे?

तर माझं म्हणणं असं की पैसे मी दिलेत, वापरायची मुदत कुठे लिहिलेली नव्हती, मग हे असं करता येतं का त्यांना? आणि माझ्या सहाशेच्या वर डिझाइनच्या फाइल त्यांच्याच फॉरमॅटमध्ये आहेत, त्या आता कुणाच्या?

उद्या_बघू

लाइफटाइम लिहिलं होतं ते बरोबरच आहे ताई, फक्त कुणाचं लाइफ ते लिहिलं नव्हतं. सर्व्हरचं निघालं.

फुकट_फौजदार

एवढं काय त्यात, क्रॅक (म्हणजे कुलूप काढून टाकलेली आवृत्ती) शोधा आणि टाका. पैसे एकदा दिलेत ना, मग कसली चोरी? ज्यांनी पहिल्या दिवसापासून क्रॅक वापरलं त्यांचं आजही मस्त चालू आहे, अडकले कोण तर पावती जपून ठेवणारे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कळफलक

संन्याशाला फाशी हे शंभर टक्के पटलं, पण क्रॅकचं जरा थांबा, त्यावर खाली येतो.

ताई, चिडण्यासारखंच आहे पण आधी एक कटू गोष्ट. तुम्ही खोका विकत घेतलात, सीडी विकत घेतलीत, सॉफ्टवेअर वापरायची फक्त परवानगी घेतलीत. इन्स्टॉल करताना "मान्य आहे" वर टिचकी मारली त्या लांबलचक मजकुरात हेच असतं, जे कोणीच वाचत नाही, मी पण नाही. त्यात परपेच्युअल (कायमचं) हा शब्द असतो तो परवानगीच्या मुदतीबद्दल. सर्व्हर किती वर्षं चालू ठेवू याबद्दल बहुतेक वेळा एक ओळ नसते, उलट सेवा कधीही बंद करू शकतो असं कुठेतरी बारीक अक्षरात असतं. त्यामुळे तुम्हाला आलेलं ते वाक्य मूर्खपणाचं वाटलं तरी वकिलाने तोलूनमापून लिहिलेलं आहे.

पण कोर्टंसुद्धा यावर एकमताची नाहीत. अमेरिकेत २०१० साली ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या वापरलेल्या प्रती ऑनलाइन विकणाऱ्या एका माणसाच्या केसमध्ये तिथल्या अपील कोर्टाने ठरवलं की प्रत हातात असली तरी तो मालक नाही, परवानाधारकाकडून आलेला माल आहे, विकता येणार नाही. आणि ३ जुलै २०१२ ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या केसमध्ये बरोबर उलटं सांगितलं, एकदाच पैसे घेऊन बेमुदत वापरायला दिलंत ना, मग ती विक्रीच, नाव काहीही द्या, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो, फक्त स्वतःकडची प्रत त्याने वापरातून काढायला हवी. एकच व्यवहार, इकडे परवानगी, तिकडे विक्री. म्हणून "करता येतं का" याचं उत्तर तुम्ही कुठल्या कायद्याखाली येता त्यावर आहे आणि दुसरं म्हणजे खोक्यावर काय छापलंय त्यावर. कराराच्या मजकुरापेक्षा जाहिरातीतला शब्द ग्राहक म्हणून तुमच्या जास्त उपयोगाचा. खोक्याचे आणि पावतीचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, तो मेल पण जपा.

हा "विकत घ्या" बटणाचा खोटेपणा आता सरकारांच्याही लक्षात यायला लागलाय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तूवर "विकत घ्या" असं लिहायचं असेल तर ही फक्त परवानगी आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. कायमची ऑफलाइन वापरता येईल अशी प्रत देत असतील तर मात्र ती अट नाही. यातच सगळं आलं.

आता क्रॅक. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यात कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा केलाय, आतली वस्तू तुम्ही पैसे देऊन घेतलेली असली तरी. पण दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर होतात. पूर्वी महाग सॉफ्टवेअरसोबत डोंगल यायचं बघा, कंप्युटरला लावायचं छोटं उपकरण, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही, ते बिघडलं आणि नवीन मिळणं बंद झालं असेल तर कुलूप ओलांडायची सवलत २००३, २००६ आणि २०१० मध्ये होती. कंपनीने सर्व्हर बंद केलेल्या व्हिडिओ गेमसाठी २०१५ मध्ये दिली. एम्ब्रॉयडरी सॉफ्टवेअर त्यात बसवता येईल असं समजू नका, पण तुमचं गाऱ्हाणं जगावेगळं नाही एवढं त्यावरून दिसतं.

फुकट_फौजदार

एवढं वाचेपर्यंत माझं क्रॅक इन्स्टॉल होऊन काम पण सुरू झालं असतं :)

नट_बोल्ट

आणि सोबत आणखी दोन-तीन न मागितलेल्या गोष्टी पण इन्स्टॉल झाल्या असत्या. फौजदार, कायदा बाजूला ठेवा, अशा कमी खपाच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक म्हणून जे मिळतं त्याच्या सूचनेत पहिली ओळच असते अँटिव्हायरस बंद करा. ज्या मशीनवर गिऱ्हाईकांची डिझाइनं आणि बँकेचं काम आहे तिथे हे करायचं?

ताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका शब्दात उरकलीय, लॅपटॉप!! त्याच्यावर अजून चालतंय का? चालत असेल तर आत्ता, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता त्याचं वायफाय बंद करा. अपडेट नको, फॉरमॅट नको, भाच्याच्या हातात तर अजिबात नको.

कारण सांगतो. ॲक्टिव्हेशन म्हणजे काय होतं, सॉफ्टवेअर तुमच्या मशीनचे काही नंबर गोळा करतं, मदरबोर्डचा, हार्ड डिस्कचा, नेटवर्क कार्डचा, त्यांचं मिळून एक ठसा बनवतं आणि सिरीयलसोबत सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर सही केलेलं उत्तर देतो ते लॅपटॉपवर एका फाइलमध्ये पडलेलं असतं. ते आहे तोवर बऱ्याच सॉफ्टवेअरना सर्व्हरची परत गरज लागत नाही. पण काही अधूनमधून विचारायला जातात, आणि तिकडून उत्तर आलं नाही की स्वतःला कुलूप लावून घेतात, तुमचं कुठल्या जातीचं आहे ते माहीत नाही म्हणून वायफाय बंद. मग अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढून दोन ठिकाणी ठेवा. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या कंप्युटरमध्ये) चालवून बघायला हरकत नाही, पण तिथे मशीनचे नंबर बदलतात त्यामुळे ठसा जुळला नाही तर ते परत सर्व्हर मागणार. त्याच लॅपटॉपवर इमेज परत टाकली तर चालायची शक्यता जास्त.

ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल पण अनेकांना हाच घोळ कळत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे ती बंद पडली असं नाही, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक पिढीचे प्रोसेसर लागतात म्हणून धडधाकट मशीन भंगारात गेली. नेटला न जोडता नुसतं एका कामापुरतं वापरायचं असेल तर जुनी सिस्टीम वर्षानुवर्षं चालते.

सुईदोरा

वायफाय बंद केलं!! लॅपटॉपवर चालतंय, आत्ताच उघडून बघितलं, हात थरथरत होते. आता तोपर्यंत सगळ्या फाइल डीएसटीमध्ये काढून ठेवू का? मशीनला तीच लागते.

नट_बोल्ट

काढा, पण तेवढ्यावर थांबू नका हे तुम्हाला मी सांगायला नको.

सुईदोरा

हो ते आहेच. बाकीच्यांसाठी सांगते, डीएसटी फाइलमध्ये फक्त सुई कुठून कुठे गेली एवढंच असतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजलेलं, उडी कुठे आणि दोरा बदलायला थांबायचं कुठे. रंग कुठला ते पण नसतं. ही पाकळी आहे, हा देठ आहे, हे त्या फाइलला माहीतच नाही. म्हणून तीच फाइल वीस टक्के मोठी केली की टाके नुसते लांब होतात, मधून कापड दिसायला लागतं. मूळ फाइलमध्ये मोठं केलं तर सॉफ्टवेअर टाके नव्याने भरतं. म्हणजे माझी मेहनत मूळ फाइलमध्ये आहे, डीएसटी म्हणजे नुसता शेवटचा छापा.

कळफलक

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. डिझाइन तुम्ही काढलं असेल तर कॉपीराइट तुमचा (गिऱ्हाईकाशी काही वेगळं लिहून दिलं नसेल तर), फाइल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनली याने तो जात नाही. फक्त त्यांच्यासोबत आलेली तयार चित्रं आणि अक्षरांचे फॉन्ट वापरले असतील तर तेवढ्या भागाचं लायसन्स वेगळं बघा. वस्तू तुमची, पण पेटी त्यांची आणि पेटीचं कुलूप पण त्यांचं. मला विचाराल तर खरा अन्याय इथे आहे, सर्व्हर बंद केला याच्यापेक्षा मोठा.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, असला लायसन्सचा कोड लिहिण्यात काही वर्षं गेलीत, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. जुना ॲक्टिव्हेशन सर्व्हर चालू ठेवणं म्हणजे नुसतं एक मशीन चालू ठेवणं नसतं, त्यावरची जुनी सिस्टीम, सर्टिफिकेट, डेटाबेस, आणि ज्याने ते लिहिलं तो सोडून गेलेला. कंपनी विकली जाते तेव्हा पुष्कळदा नवीन लोकांना ते कसं चालतं हेच माहीत नसतं. दुष्टपणा कमी आणि हात झटकणं जास्त.

पण हात झटकायची गरज नसते हे पण तितकंच खरं. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट दोनचे (फोटोशॉप वगैरेंचा जुना संच) ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि तिचा सिरीयल त्यांच्याच साइटवर ठेवला होता, जुन्या गिऱ्हाईकांसाठी. (जगभर लोकांनी फुकट मिळतंय म्हणून झुंबड लावली, मग कंपनीला सांगावं लागलं की हे फक्त ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांच्यासाठी.) पुष्कळदा त्यासाठी कोडमध्ये एक तपासणी काढायची असते, काम थोडंच, पण त्याची बैठक कोणी घ्यायची यावर वर्ष जातं.

म्हणून मेल परत करा आणि ॲक्टिव्हेशन चालू करा असं मागू नका. कायमचा अनलॉक कोड किंवा ऑफलाइन ॲक्टिव्हेशन फाइल मागा, सपोर्टकडे नको, लायसन्सिंग किंवा लीगल विभागाला लिहा, आणि तुमचं लायसन्स व्हॅलिड आहे हे त्यांचंच वाक्य वरती डकवा. सपोर्टमधल्या पोराकडे तुम्हाला द्यायला सबस्क्रिप्शनच्या लिंकशिवाय खरंच काही नसतं.

उद्या_बघू

एक विचारतो, हे सगळं करून पण पुढच्या वेळी कोणी तिसऱ्याने कंपनी घेतली तर?

नट_बोल्ट

तेच. म्हणून ताई, हळूहळू इंक-स्टिच हे एम्ब्रॉयडरीचं मोफत सॉफ्टवेअर बघून ठेवा. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, जीपीएल लायसन्स आहे (कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशी मोकळीक देणारं), ॲक्टिव्हेशन वगैरे भानगडच नाही. मूळ फाइल एसव्हीजी या खुल्या फॉरमॅटमध्ये असते, म्हणजे उद्या इंक-स्टिच बंद पडलं तरी तुमच्या पाकळीची रेघ दुसऱ्या कशातही उघडेल. तुमच्या सॉफ्टवेअरइतकं सफाईदार वाटणार नाही, पहिले पंधरा दिवस शिव्या घालाल. वॉरंटी त्याच्यात पण नसते, जीपीएलमध्येच तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण कोड सगळ्यांसमोर असतो आणि किल्ली एकाच कंपनीच्या खिशात नसते.

तोवर लॅपटॉपवरून प्रत्येक डिझाइनच्या तीन गोष्टी काढा, डीएसटी, बाह्यरेषा वेक्टरमध्ये (रेघांच्या रूपात) काढता येत असतील तर त्या, आणि रंगांचा क्रम असलेलं वर्कशीट पीडीएफमध्ये. दाटपणा आणि टाक्याची दिशा त्यात येत नसेल तर स्क्रीनशॉट काढा, कंटाळवाणं आहे पण नंतर त्याच आकड्यांवरून परत बांधता येतं.

सुईदोरा

सगळ्यांचे खूप आभार. लीगलला मेल टाकला, त्यांचंच वाक्य वरती घालून. उत्तर म्हणून आत्तापर्यंत एक तिकीट नंबर आलाय.

एक्स्पोर्ट चालू आहे. वेक्टर सगळ्यांचं निघत नाही, अक्षरं असतील तिथे अडतंय, ती यादी वेगळी करतेय. लॅपटॉपची बिजागरी तुटलीय म्हणून स्क्रीन जाडजूड शब्दकोशाला टेकवून उभा केलाय, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की त्या टेबलाला हात लावायचा नाही. आत्ता दोनशे चौदावी फाइल.