मॉडेल मागे घेणार कसे?

खुले मॉडेल म्हणजे कोणालाही आपल्या संगणकावर उतरवून घेता येणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) मॉडेल. ‘अशा मॉडेलमध्ये धोका आढळलाच, तर कंपनी ते मागे घेईल’ असे म्हटले जाते, पण हा मुद्दा पटण्यासारखा नाही, कारण एकदा पसरलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाने केवळ संशोधकांसाठी दिलेले लामा हे मॉडेल मार्चच्या सुरुवातीलाच टोरंटवर, म्हणजे लोक आपसांत फाइली वाटतात त्या जाळ्यावर, फुटले. नाशिकला आमच्या प्रयोगशाळेत द्राक्षावरील भुरी-डाउनी या रोगांची माहिती मराठीत देण्यासाठी एक खुले मॉडेल उतरवून घेतले आहे. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी ते उत्तरे देतच राहते, आणि वाडीवस्तीवरच्या बागायतदाराला नेमके तेच हवे असते, म्हणून खुलेपणाला माझा विरोध मुळीच नाही.

मात्र घातक क्षमतांची कसून तपासणी प्रकाशनाआधीच झाली पाहिजे, कारण मेटाच्याच लामा २ या पुढच्या मॉडेलच्या १३ अब्ज पॅरामीटरच्या (मॉडेलने शिकलेल्या अंतर्गत आकड्यांच्या) आवृत्तीला लावलेले सुरक्षेचे निर्बंध संशोधकांनी २०० डॉलरपेक्षाही कमी खर्चात काढून दाखवले होते, आणि अशी बदललेली प्रत कोणाच्या संगणकावर चालते आहे, हे मूळ कंपनीलाही कळत नाही.